सिल्बरमान हे एका माणसाचे नाव नव्हे

१/ सॅक्सनीतील फ्रायबेर्ग हे चांदीच्या खाणींवर वाढलेले जुने नगर. तिथल्या कॅथेड्रलमध्ये १७१४ पासून एक पाइप ऑर्गन उभा आहे. हातांनी वाजवायचे तीन कळफलक, पायांनी वाजवायचा एक, ४४ स्टॉप आणि २,६७४ नळ्या. तो कोणी बांधला, असे विचारले की फलकापासून पुस्तकापर्यंत एकच उत्तर मिळते: गॉटफ्रीड सिल्बरमान. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. अपुरे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण म्हणून सांगितले गेले की त्याची दंतकथा होते. हा धागा त्या दंतकथेविरुद्ध आहे. #इतिहास #धागा

२/ प्रथम एक खुलासा. मराठी वाचकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटक आठवते. नाट्यपदांना साथ करणारा तो ऑर्गन पायाने भाता चालवून वाजतो. त्यात धातूच्या रीड कंप पावतात, नळी एकही नसते. पाइप ऑर्गनची जात वेगळी. तिथे प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी लागते. एकाच ध्वनिछटेच्या नळ्यांच्या संचाला स्टॉप म्हणतात, आणि वादक हवे ते स्टॉप उघडून ध्वनीचा रंग बदलतो. काही नळ्या दोन पुरुषांहून उंच असतात, काही बोटाएवढ्या.

३/ हे वाद्य घडते कसे, हे पाहिल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. कथील आणि शिसे वितळवून पत्रे ओतायचे, ते रंधून हवी ती जाडी आणायची, गुंडाळून झाळायचे. लाकडी नळ्यांसाठी सुतारकाम वेगळे. भात्यांना कातडे मढवायचे. कळ दाबली की कित्येक हात दूर असलेली झडप उघडावी म्हणून लाकडी पट्ट्यांचे जाळे बसवायचे. आणि सरतेशेवटी एकेका नळीचे तोंड कापून, खालीवर करून तिच्याकडून नेमका सूर काढायचा.

४/ आता साधा हिशेब करावा. फ्रायबेर्गचा करार ८ ऑक्टोबर १७१० चा. उद्घाटन २० ऑगस्ट १७१४ चे. मधले दिवस सुमारे १,४००. एकट्या माणसाने एकही सुट्टी न घेता काम केले असते, तरी त्याला दररोज जवळजवळ दोन नळ्या पूर्ण कराव्या लागल्या असत्या. शिवाय भाते, झडपा, हवापेट्या, कळफलक आणि भोवतीचा भव्य लाकडी सांगाडा उरतोच. ‘एका माणसाने बांधलेला ऑर्गन’ ही कल्पना अंकगणितापुढेच टिकत नाही.

५/ तरीही दंतकथा टिकली, कारण ती मोहक आहे. खेड्यातल्या सुताराचा मुलगा, देशाटन, अलौकिक कान आणि कोणालाही न सापडलेले गुपित. त्यात आडनावाची भर: जर्मनमध्ये ‘सिल्बर’ म्हणजे चांदी. मग ‘सिल्बरमानच्या ऑर्गनचा रुपेरी नाद’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि श्लेषालाच पुराव्याची प्रतिष्ठा मिळाली. आडनावावरून नादाची प्रत ठरवणे हा इतिहास नव्हे. फार तर तो सुभाषितकाराचा विनोद आहे.

६/ वस्तुस्थिती पाहू. क्लाइनबोब्रिच या खेड्यातील सुतार मिखाएल सिल्बरमान याला १६७८ मध्ये आंद्रेआस हा मुलगा झाला आणि १६८३ मध्ये गॉटफ्रीड. ऑर्गन-निर्मितीत आधी पाऊल टाकले ते थोरल्याने. सतराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस आल्सासमध्ये गेला आणि स्ट्रासबुर्गला स्थायिक झाला. १७०२ मध्ये गॉटफ्रीड त्याच्याकडे पोहोचला तो शिकण्यासाठी. ज्या प्रतिभेला ‘स्वयंभू’ म्हटले जाते, तिचा गुरू घरातच होता.

७/ स्ट्रासबुर्ग १६८१ पासून फ्रान्सच्या ताब्यात होते. १७०४ ते १७०६ या काळात आंद्रेआस पॅरिसला राहिला आणि फ्रांस्वा तियेरी या नामांकित ऑर्गन-निर्मात्याकडे फ्रेंच पद्धत शिकला. फ्रेंच ऑर्गनमधले भरदार, कण्यासारखे निनादणारे रीड-स्टॉप आणि अनेक नळ्यांच्या मिश्रणातून उमटणारा ‘कॉर्नेट’ ही त्या शिक्षणाची कमाई. थोरल्याने पॅरिसहून आणलेली ही विद्या धाकट्याने १७१० मध्ये सॅक्सनीला नेली.

८/ म्हणजे ज्या नादाला पुढे ‘अस्सल जर्मन’ म्हणून मिरवले गेले, त्याचे एक मूळ पॅरिसमध्ये आहे. राष्ट्राभिमानी इतिहासलेखनाला ही गोष्ट अडचणीची वाटते, म्हणून ती तळटीपेत ढकलली जाते. आंद्रेआसला वगळले की फ्रान्स आपोआप वगळला जातो आणि मग गॉटफ्रीडची प्रतिभा थेट सॅक्सनीच्या मातीतून उगवल्यासारखी दिसते. एका माणसाला मोठे करण्यासाठी त्याच्या सख्ख्या भावाला लहान करण्याचा हा प्रकार आहे.

९/ फ्रायबेर्गचे काम तरी त्याला एकट्याच्या बळावर मिळाले काय? तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. लाइपझिगचा संगीतप्रमुख योहान कूनाउ याने त्याची शिफारस केली. ऑर्गनच्या दर्शनी सांगाड्याचा आराखडा कॅथेड्रलचा वादक एलियास लिंडनर याचा. कोरीवकाम, मुलामा, रंगकाम यांसाठी निराळे हात होते. यातील एकही गोष्ट गॉटफ्रीडचे श्रेय कमी करत नाही. ती फक्त श्रेयाची यादी पूर्ण करते.

१०/ न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. गॉटफ्रीडने सुमारे ५० ऑर्गन उभारले आणि त्यांतील ३१ आजही टिकून आहेत. हे प्रमाण विलक्षण आहे. जाडजूड, निर्दोष लाकूड, चोख जोडकाम, मोजका आणि पुनःपुन्हा वापरलेला आराखडा ही त्याची कारणे. पण हे गुण कोणत्या जातीचे आहेत, ते ओळखावे. हे शिस्तबद्ध कार्यशाळेचे गुण आहेत. ठरावीक मापे, ठरावीक रचना, प्रत्येक कारागिराला ठाऊक असलेली पद्धत. गुपित असलेच, तर ते रोजच्या शिस्तीत होते.

११/ समकालीनांना हे स्पष्ट दिसत होते. बाखचा शिष्य योहान फ्रीडरिक आग्रिकोला याने सिल्बरमानच्या कामाची स्वच्छता आणि टिकाऊपणा वाखाणला, पण तीन दोषही नोंदवले: खात्री नसलेला एकही स्टॉप वापरायचा नाही अशा अतिसावधपणामुळे स्टॉपांची निवड सर्वत्र एकसारखी, सुरांची जुळवणी हटवादी, आणि उंच सुरांचे मिश्र स्टॉप दुबळे. जुळवणीचा दोष किरकोळ नव्हता. तिच्यात काही स्वरसंगती अतिशय गोड लागत, तर काही कानाला बोचत. समकालीन जाणकार ज्याला दोष दाखवू शकत होते, त्याला उत्तरकाळाने दोषातीत करून टाकले.

१२/ आता या दंतकथेचा सर्वांत मोठा बळी. झाखारियास हिल्डेब्रांट, जन्म १६८८. फ्रायबेर्गचा ऑर्गन पूर्णत्वाकडे जात असताना, १७१३ मध्ये, तो गॉटफ्रीडच्या कार्यशाळेत दाखल झाला. शिकण्याच्या बदल्यात त्याने लिहून दिले की सिल्बरमानशी स्पर्धा होईल असे काम तो सॅक्सनीत करणार नाही आणि आल्सासमध्येही करणार नाही. सॅक्सनीची अट समजू शकते. आल्सासची अट कशासाठी? तिथे थोरल्या भावाचा धंदा होता, म्हणून.

१३/ या एका अटीत सिल्बरमान कुटुंबाचे खरे रूप दिसते. दोन भाऊ, दोन प्रदेश, आणि तिसऱ्याने दोन्हींपासून दूर राहायचे. आपल्याकडे संगीतात ‘घराणे’ हा शब्द आहे आणि त्यात रक्ताच्या वारसाबरोबर शागिर्दालाही जागा असते. गुरूचे नाव तो हक्काने सांगतो. सिल्बरमानांच्या घरात विद्या शागिर्दाला मिळाली, पण ती विद्या घेऊन उभे राहण्याची जागा मिळाली नाही. कौटुंबिक कार्यशाळेच्या ‘परंपरे’वर हळवे होणाऱ्यांनी हा कागद आधी वाचावा.

१४/ हिल्डेब्रांट काही सामान्य शागीर्द नव्हता. १७२२ मध्ये त्याने लांगहेनर्सडोर्फ येथे स्वतःच्या हाताचा ऑर्गन पूर्ण करून उस्ताद म्हणून आपली पात्रता सिद्ध केली. लगेच पुढच्या वर्षी गॉटफ्रीडला सत्तेचे पाठबळ मिळाले: ३० जून १७२३ रोजी सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्ट याने त्याला दरबारी ऑर्गन-निर्मात्याची सनद दिली. आता करारामागे सनदेचे वजनही उभे राहिले.

१५/ त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १७२३ रोजी, लाइपझिगजवळच्या श्ट्योर्मटाल या खेड्यात एका नव्या ऑर्गनचे उद्घाटन झाले. निर्माता हिल्डेब्रांट. परीक्षण आणि उद्घाटन करणारा योहान सेबास्टियान बाख. बाखने त्या प्रसंगी आपली एक कँटाटाही सादर केली. तो छोटा ऑर्गन आजही वाजतो. सिल्बरमानच्या शागिर्दाने सिल्बरमानच्या छायेबाहेर काय साधले असते, याचे उत्तर त्या खेड्यात ऐकायला मिळते.

१६/ उत्तर पुढे वाढू दिले गेले नाही. गुरू-शिष्यांचा वाद कज्ज्यापर्यंत गेला. १७२४ च्या तडजोडीत शिष्याच्या वाट्याला मुख्यतः तीच कामे आली, जी गुरूला नको होती. थोडा विचार करावा: आज नकाशावर सॅक्सनीतील ‘सिल्बरमान ऑर्गन’ मोजताना जी गर्दी दिसते, ती केवळ गुणवत्तेची गर्दी नाही. दुसऱ्याला बांधू न दिल्याचीही ती गर्दी आहे. मक्तेदारीने मिळवलेली संख्या प्रतिभेच्या खात्यावर मांडणे हा हिशेबातला घोटाळा आहे.

१७/ ‘बाखला सिल्बरमानच श्रेष्ठ वाटे’ असे सर्रास सांगितले जाते. १ डिसेंबर १७३६ रोजी बाखने ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्खमध्ये सिल्बरमानचा नवा ऑर्गन वाजवला, हे खरे. पण बाखशी सर्वांत जवळून जोडला गेलेला मोठा ऑर्गन नाउमबुर्गच्या वेन्झेल चर्चमध्ये आहे. ५३ स्टॉप, निर्माता हिल्डेब्रांट. सप्टेंबर १७४६ मध्ये त्याची अधिकृत परीक्षा दोघांनी घेतली: एक बाख, दुसरा गॉटफ्रीड सिल्बरमान. ज्याच्याविरुद्ध कज्जा मांडला, त्याच्याच कामाला गुरूने मान्यतेची सही दिली.

१८/ दरम्यान स्ट्रासबुर्गची शाखा वाढत होती. आंद्रेआस १७३४ मध्ये वारला. त्याच्या हातून तीसहून अधिक ऑर्गन उभे राहिले; मार्मूतिएचा १७१० चा ऑर्गन त्यांपैकी एक. मुलगा योहान आंद्रेआस (१७१२–१७८३) याने पन्नासहून अधिक बांधले आणि वडिलांच्या कामातही भर घातली: मार्मूतिएचा ऑर्गन १७४६ मध्ये त्यानेच विस्तारला. १७४१ मध्ये तो सॅक्सनीला जाऊन काकाची वाद्ये पाहून आला.

१९/ योहान आंद्रेआसने आणखी एक काम केले, ज्याचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधी विसरू नये. त्याने लिहून ठेवले. स्वतःचे, वडिलांचे आणि इतरांचे ऑर्गन, त्यांची मापे, प्रवास, कारागिरांविषयीची मते, कधी कधी खवचट शेरेसुद्धा. कार्यशाळेची स्मृती बव्हंशी तोंडी असते आणि उस्तादाबरोबर जाते. इथे ती कागदावर उतरली, म्हणूनच कुटुंबाचे चित्र पुन्हा जुळवता येते. तरीही जर्मन भाषेतल्या लोकप्रिय आख्यायिकेत काका नायक आहे आणि पुतण्या पाहुणा.

२०/ शेवटचा अंक ड्रेस्डेनचा. २७ जुलै १७५० रोजी गॉटफ्रीडने तिथल्या दरबारी चर्चच्या ऑर्गनचा करार केला. ४७ स्टॉपांचा हा त्याचा सर्वांत मोठा प्रकल्प. वय ६७. मदतीला कोण आले? हिल्डेब्रांट. ४ ऑगस्ट १७५३ रोजी, काम अपुरे असतानाच, गॉटफ्रीड ड्रेस्डेनमध्ये वारला. तो अविवाहित होता. कुटुंबाच्या बाजूने स्ट्रासबुर्गचा पुतण्या योहान डानिएल उभा राहिला. ऑर्गन उभा करण्याचा भार हिल्डेब्रांटने उचलला. उद्घाटन २ फेब्रुवारी १७५५ रोजी झाले.

२१/ त्या ऑर्गनला जग काय म्हणते? ‘सिल्बरमानची अखेरची कृती.’ ज्याला आयुष्याच्या भरात स्पर्धा करण्याची मनाई होती, त्यानेच उस्तादाची सर्वांत मोठी कृती तडीस नेली आणि शीर्षकातून नाहीसा झाला. यापेक्षा बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. नाव कुटुंबाचे होते; हात कुटुंबाबाहेरचेही होते; आणि इतिहासाने केवळ नाव मोजले.

२२/ यावर एक आक्षेप येतो: ‘त्या काळी उस्तादाच्या नावानेच सर्व काम ओळखले जाई, चित्रकारांच्या कार्यशाळेतही तसेच होते, आजच्या अपेक्षा तेव्हावर का लादाव्यात?’ आक्षेप वजनदार आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर येतो. अठराव्या शतकातल्या पॅरिशला ‘सिल्बरमान’ म्हणजे करार, हमी आणि पैशांची देवघेव यांना जबाबदार असलेले घर, हे नीट ठाऊक होते. त्या व्यापारी नावातून एकाकी प्रतिभावंत घडवला तो नंतरच्या लेखकांनी. अपेक्षा लादल्या असतील, तर त्यांनी लादल्या.

२३/ दुसरा आक्षेप: ‘नाद तर ऐकायला मिळतो ना? नावाने काय फरक पडतो?’ फरक पडतो. १९४५ च्या फेब्रुवारीत बॉम्बहल्ल्यानंतर फ्राउएनकिर्ख कोसळले आणि १७३६ चा ऑर्गन नष्ट झाला. चर्च पुन्हा उभे राहताना मोठा वाद पेटला: सिल्बरमानचा ऑर्गन हुबेहूब घडवावा, की दर्शनी रूप जुने ठेवून आत नवे वाद्य बसवावे? हुबेहूब हवा असणाऱ्यांच्या बाजूला ध्वनिशास्त्राचे आणि अभ्यासाचे सबळ मुद्दे होते. पण वादाला जी धार चढली, ती ‘उस्तादाच्या मूळ कृती’भोवतीच्या पावित्र्यातून.

२४/ अखेर दुसरा मार्ग स्वीकारला गेला आणि २००५ मध्ये नवा ऑर्गन उभा राहिला. त्याचा निर्माता दानिएल केर्न, स्ट्रासबुर्गचा. ज्या शहरात गॉटफ्रीड भावाकडून हा व्यवसाय शिकला, त्याच शहरातून कारागीर ड्रेस्डेनला आले. बाप-लेकांनी वाद्ये विस्तारली, शागिर्दांनी अपुरी कामे पुरी केली, तंत्रे सीमा ओलांडून गेली: ही सिल्बरमानांची प्रत्यक्ष रीत ज्याला ठाऊक आहे, तो या वादात कोणत्याही बाजूला उभा राहो, ‘एका हाताची अस्पर्श कृती’ हा युक्तिवाद तरी तो करणार नाही.

२५/ आणखी एका गटाचा उल्लेख केल्याशिवाय हा धागा संपवणे योग्य नाही. विजेच्या पंख्यापूर्वी ऑर्गनला हवा पुरवत ती माणसे. भाते पायांनी तुडवणारे लोक वाद्यामागे उभे असत. ते थांबले की बाखचा हातही मुका. फ्रायबेर्गमध्ये, श्ट्योर्मटालमध्ये, नाउमबुर्गमध्ये वाजलेला प्रत्येक सूर त्यांच्या पायांतून गेला आहे. त्यांची नावे बहुधा चर्चच्या हिशेबवहीतल्या मजुरीच्या ओळीपलीकडे पोहोचत नाहीत.

२६/ म्हणून मागणी मूर्तिभंजनाची नाही. गॉटफ्रीड सिल्बरमान मोठा होता आणि मोठाच राहील. मागणी एवढीच की त्याचे मोठेपण ज्या ओट्यावर उभे आहे तो ओटा दिसू द्यावा: स्ट्रासबुर्गचा थोरला भाऊ, पॅरिसचा तियेरी, आराखडा देणारा लिंडनर, नोंदी ठेवणारा पुतण्या, आणि सर्वांत आधी हिल्डेब्रांट. ‘महापुरुषाने केले’ असे लिहिलेला फलक दिसला, मग तो युरोपातला असो वा आपल्या गावातला, की तीन प्रश्न विचारावेत. हा कोणाकडून शिकला? याच्याबरोबर कोण राबले? आणि याच्यामुळे कोणाला थांबावे लागले?

२७/ ड्रेस्डेनच्या दरबारी चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या १९४४ मध्ये काढून सुरक्षित स्थळी हलवल्या गेल्या. पुढच्याच वर्षी चर्चवर बॉम्ब पडले आणि सांगाडा जळाला, पण नळ्या वाचल्या. १९७१ मध्ये वाद्य पुन्हा बोलू लागले. त्या नळ्या ज्यांनी ओतल्या, कापल्या, बोलत्या केल्या, त्यांत गॉटफ्रीड होता आणि हिल्डेब्रांटही होता. त्या वाद्याला दोघांच्या नावाने हाक मारण्यात गॉटफ्रीडचे काहीही कमी होणार नाही. (धागा समाप्त)